राणीच्या गालावरची रेघ

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. हे कागद कोणाला दाखवायचे नाहीत, तरी कधी कोणाच्या हाती लागले तर सांभाळून घ्यावे. काकांबद्दल लिहून ठेवणारे दुसरे कोणी नाही.

पेणला मी ज्यांच्याकडे धुणीभांडी करायचे ते टिपणीस काका ऐन मे महिन्यात लांब बाह्यांचा काळा सदरा घालून बसत. खिडक्या बंद, पंखा बंद, अंगातून घामाच्या धारा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस नाण्यांचे फोटो काढायचा. जुनी, मोलाची नाणी एक कंपनी तपासते, त्यांना दर्जाचा आकडा देते आणि कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमची बंद करते. डबी फोडली की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून फोटो काढायचा तो प्लास्टिकमधूनच. आणि प्लास्टिक तर आरशासारखे. पांढरा सदरा, ट्यूब, समोरची भिंत, सगळे त्यात उमटते.

एकदा मी चहा घेऊन मागे उभी राहिले, तर काका ओरडले, "बाजूला हो गो सुमन! तुझी पिवळी साडी नाण्यावरच्या राणीच्या गालावर आली."

"राणीला हळद लागली म्हना की काका."

आतून काकी म्हणाल्या, "मी तर संक्रांतीपुरतीच ह्यांच्या कामाची. काळी साडी नेसते ना!"

काका हसत नसत. दिव्याची मान जरा वाकवत, डबी जरा कलती करत, पुन्हा बघत. "फोटो नाण्याचा काढायचा, डबीचा नाही," असे सारखे म्हणत. डबीवर ओरखडे असायचेच. ते नाण्यावरचे वाटू नयेत म्हणून दिवा असा फिरवत की ते दिसेनासे व्हायचे. पण त्याआधी डबी हलवून बघत. मलाही दाखवले होते. "बघ, रेघ राणीच्या गालावरून सरकली तर ती प्लास्टिकची. गालावरच बसून राहिली तर नाण्याची. नाण्याची रेघ लपवायची नाही. ती लबाडी."

मग काकींना पनवेलला दवाखान्यात ठेवले. काकांनी स्वतः जमवलेले एकेक नाणे विकायला निघाले. शेवटी सगळ्यांत मोलाचा राणीछाप रुपया राहिला. त्या दिवशी दवाखान्यातून पैशांसाठी फोन आला होता. काका घाईने बसले, सदरासुद्धा बदलला नाही, माझी काळी ओढणी अंगावर घेतली. एक बारीक रेघ दिसली. "प्लास्टिकची आहे," म्हणाले आणि दिवा फिरवला. डबी काही हलवून बघितली नाही. रोह्याचे एक सराफ, त्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी मोबाइलवर फोटो बघूनच सगळी रक्कम पाठवली. "तुमचा फोटो म्हणजे नाणं हातात घेतल्यासारखं, मास्तर. रुपया सवडीने आणा."

पैसे दवाखान्यात गेले. काकीही गेल्या.

दिवस झाल्यावर काका रुपया द्यायला रोह्याला निघाले. एकट्याने जाण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून मी बरोबर गेले. अण्णांनी भिंग लावले. दुकानात गिऱ्हाईक होते.

"मास्तर, ही रेघ फोटोत नव्हती."

"प्लास्टिकवरची आहे हो." काकांनी डबी हातात घेतली आणि सगळ्यांसमोर हलवली. एकदा, मग परत. रेघ गालावरच बसून होती.

अण्णा मोठ्याने म्हणाले, "फोटो मात्र छान काढता हां, मास्तर."

गिऱ्हाइकांतले कोणीतरी हसले. काकांनी डबी खिशात टाकली. "तुमचे पैसे फिटतील," एवढेच म्हणाले. परत येताना नागोठण्याला त्यांनी खिशातून डबी काढून बघितली. मग म्हणाले, "तिला वाचवायला लबाडी केली असं लोक म्हणतील. ते तिच्याही नावावर जाईल गो."

त्यांनी त्याच रुपयाचा पुन्हा फोटो काढला. या वेळी दिवा असा ठेवला की रेघ तारेसारखी चमकली. खाली लिहिले, गालावर रेघ आहे. निम्म्याहून कमी भाव आला. ते पैसे सगळे अण्णांना धाडले. बाकीच्यासाठी लोकांच्या नाण्यांचे फोटो काढू लागले. पण अण्णांचे बोलणे रोह्यात फिरले होते, ओळखीचे कोणी काम देईना. लांबून अनोळखी लोकांचे थोडे यायचे. डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. मी म्हटले, "आधी डोळा करून घ्या ना काका." तर म्हणाले, "आधी अण्णा."

पावसाळ्यात त्यांनी अंथरूण धरले. मला जवळ बोलावून म्हणाले, "कॅमेरा वीक. अण्णांचं देणं पूर्ण फेड. उरेल ते तुला."

"तुमी बरे व्हाल, मग आपन दोघं जाऊ."

"नाही जमायचं गो."

काका गेल्यावर पेणच्या स्टुडिओवाल्याने कॅमेरा आणि दिवे घेतले. मी एकटी रोह्याला गेले. मला दुकानात शिरून बोलायची सवय नाही, पायरीवर बराच वेळ उभी राहिले. अण्णांनी ओळखले. पैसे मोजले, गल्ल्यात टाकले आणि हळूच म्हणाले, "झालं बाई. जा तू."

मी हलले नाही. म्हटले, "मोठ्याने बोला."

"काय?"

"तवा मोठ्याने बोललात ना. समद्यांसमोर. आता पन तसंच बोला."

दुकानातली गिऱ्हाइके माझ्याकडे बघू लागली. अण्णांनी चष्मा काढला, बसलेल्या लोकांकडे बघितले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पेणच्या टिपणीस मास्तरांचे पैसे आले. पूर्ण आले."