त्या तळ्याचा शेवटचा नर

वेस्ट मांबलमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात ते वयस्कर गृहस्थ मला एकदाच भेटले. माझं फोनवरचं मराठी ऐकून हसले. ते मूळ तंजावरचे, घरी मराठीच बोलणारे. न्यू गिनीतल्या एकाच तळ्यातल्या रेनबो माशांचा वंश त्यांनी घरच्या टाकीत वीस वर्षं भेसळ न होऊ देता जपला होता. आता एकच नर उरला होता.

दुकानदाराने तशीच दिसणारी मादी दाखवली. काचेवर बोट टेकवून ते तिला बराच वेळ पाहत राहिले.

"ही दुसऱ्या तळ्याची," ते म्हणाले. "पिल्लं होतील, पण आमची नव्हेत."

"मग तो एकटाच राहणार?" मी विचारलं.

"सकाळी ऊन पडलं की मादीसाठी अजूनही रंग फुलवतो, तंबी," तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं मला म्हणत ते बोलले. "बघवत नाही."

एका माशापुरतं खाद्य घेऊन ते तांबरमच्या लोकल गाडीकडे निघाले.