पाहुण्यासाठी तापवलेले इंजिन

स्येनित्सा गावच्या बस आगारात उमेदीची वर्षे घालवलेल्या हिल्मोची गाडीवाल्यांना एकच अट असे: गाडी मला गार दाखवा. ही अट ऐकायला सोपी आणि पाळायला जवळजवळ अशक्य होती. पेश्तेरच्या पठारावर जानेवारीच्या पहाटे पारा उणे पंचविसाखाली उतरतो, तेव्हा आपल्याला जे सांगायचे ते इंजिन पहिल्या काही क्षणांतच सांगून टाकते; आणि खेड्यातून हिल्मोच्या गॅरेजपर्यंत आलेली गाडी वाटेतच तापून गप्प झालेली असते. "तुमची गाडी माझ्या दारात येते ती बरी होऊनच," असे तो म्हणे. आगार बंद पडल्यावर त्याने घरामागे गॅरेज काढले होते. बायको राबिया गेल्यानंतर पहाटेचे घर त्याला खायला उठू लागले, तेव्हा आपली जुनी मोटार काढून तो लोकांच्या अंगणात जाऊन उभा राहू लागला. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, मूठ कानाशी धरायची आणि म्हणायचे, "हं, मार सेल्फ."

त्या हिवाळ्यात बेगो त्याच्याकडे आला तो तोंडाने आवाज काढतच. बेगोचा बाप हिल्मोचा आगारातला सोबती. तो वारल्यापासून आई हातिजा, बायको नाफिया, एक गाय आणि एक जुनी डिझेल व्हॅन एवढा बेगोचा पसारा होता. हातिजाची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार तिला घाट उतरून नोवी पाझारच्या इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावे लागे. एक खेप चुकली की अंगावर सूज चढे. दोन चुकल्या तर काय, हे घरात कोणी बोलत नसे.

"खर्रर्र होतं काका. खर्रर्र... नाही, कर्रर्र."

"आधी ठरव. कोंबडं आहे का मांजर?"

"थट्टा नका करू. सकाळी सुरू करताना होतं. मग जातं."

"तापल्यावर जातं ना? मग इंजिनाच्या डोक्यावरचे टॅपेट असतील. तेल थिजतं, वर चढायला वेळ लागतो. वाजू देत. म्हातारी हाडं वाजतातच की."

बेगोने नंतर फोनवर आवाज टिपूनही पाठवला. त्यात वारा होता, कुत्रे होते आणि मागून हातिजाचे बोलणे होते, "भावजींना म्हणावं, जेवायलाच या." खर्रर्र मात्र कुठे नव्हते. हिल्मोने फोन खिशात घातला, पण त्याला स्वस्थता लाभेना. आपण काढलेला आवाज स्वतःच दुरुस्त करू पाहणारा माणूस तो आवाज मनात घोळवत बसलेला असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

त्याच आठवड्यात एका पहाटे तो बेगोच्या अंगणात पोचला, तेव्हा व्हॅन धूर सोडत गोडीगुलाबीने चालू होती. ऑइल चेंबरच्या बरोबर खाली चुलीतल्या निखाऱ्यांचे घमेले सरकवलेले होते. पठारावर हे सगळेच करतात. त्याशिवाय गाड्या सहजी उठत नाहीत. पण हिल्मो येणार म्हणून त्या दिवशी निखारे अंमळ जास्तच घातले होते. येणाऱ्यासाठी खोली तापवायची, कॉफी चढवायची, आणि गाडी तेवढी गार ठेवायची, हे त्या घराच्या वळणात बसणारे नव्हते. हिल्मोने कॉफी घेतली, सायीचा गोळा भाकरीवर पसरून खाल्ला आणि काहीही न ऐकता तो परत गेला.

शनिवारी संध्याकाळी तो मुक्कामाच्या तयारीनेच आला. आपल्या मोटारीची बॅटरी काढून त्याने रिवाजाप्रमाणे शेगडीशेजारी ठेवली आणि बेगोला बजावले, "उद्या मी सांगेपर्यंत व्हॅनला बोट लावायचं नाही."

"नाही लावत काका."

रविवारी पहाटे त्याला जाग आली ती व्हॅनच्या आवाजाने. तो मोजे न घालताच अंगणात धावला.

"बेगो! काल काय बोललो होतो मी?"

"काका, उणे सत्तावीस आहे! तुम्ही गार गाडीपाशी कुडकुडणार आणि मी बघत उभा राहू? बाबा असते तर मला जोड्यानं मारलं असतं."

"बाप असता तर त्यानं आधी ते घमेलं तुझ्या टाळक्यात घातलं असतं! अरे, आजारी माणसाला नटवून, गालांना रंग लावून वैद्यापुढे बसवतोस, आणि वर विचारतोस, काय झालंय? नाडी बघू का डोंबल?"

आत हातिजा बकव्हीटच्या पिठाची पोळी लाटत होती. हे शब्द कानी पडले तसे तिचे लाटणे थांबले. ती काही वेळ पिठाने माखलेल्या आपल्या सुजट बोटांकडे पाहत राहिली. मग दारात येऊन म्हणाली, "त्याला बोलू नका भावजी. तुम्ही पाहुणे आहात, तिथंच सगळं अडलंय." आणि तिने कोपऱ्यातली बादली उचलून त्याच्या हातात दिली. "विहिरीवरचा बर्फ फोडा, गाईला पाणी पाजा. मग गोठा काढा."

"आई, काय हे! काकांना शेण काढायला लावता?" नाफिया ओरडली.

"शेण काढतो तो घरचा. आणि घरच्यासाठी कोण गं पहाटे उठून गाडी तापवतं?"

त्या दिवशी हिल्मोला घरचे करण्यात कोणतीही कसर राहिली नाही. त्याने गोठा काढला, ओंडके फोडले. जेवताना त्याचे ताट शेवटी वाढले गेले. कॉफीबरोबरची मिठाई त्याच्यापुढे आलीच नाही. त्याचे हात मात्र सवयीने दोनदा बशीकडे गेले. "मिठाई पाहुण्यांना," नाफिया हसू दाबत म्हणाली. आता तिलाही खेळ कळला होता. पिसांच्या रजाईची जागा बेगोच्या विटक्या गोधडीने घेतली. रिकामे घमेले हातिजाने स्वतःच्या खाटेखाली सरकवले.

सोमवारी उजाडताना व्हॅनवर बर्फाचे पापुद्रे धरले होते. हिल्मोने बोनेट उघडले, स्क्रू-ड्रायव्हर टॅपेटच्या झाकणावर टेकवला आणि मान हलवली. बेगोने सेल्फ मारला. इंजिन कण्हत, अडखळत उठले, आणि आवाज आला. वरून नव्हे. हिल्मोने झटकन टोक इंजिनाच्या पुढच्या भागावर सरकवले. पत्र्याच्या डब्यात कुणी साखळी भिरकावून द्यावी तसा तो खडखडाट थेट त्याच्या हाडात उतरला. मग तेल पोचले, आणि काही झालेच नाही असे इंजिन शहाण्यासारखे चालू लागले.

"बंद कर."

"टॅपेट ना?"

"नाही. मी चुकलो. टायमिंग चेन आहे, आतली दातेरी चक्रं जुळवून फिरवणारी साखळी. तिला ताणून धरणारा तुकडा झिजलाय, तेल येईस्तोवर चेन मोकळी आपटते. तुमच्या निखाऱ्यांनी तेल पातळ व्हायचं, आवाज निघायच्या आत दबायचा. एक दात जरी चेन सरकली, तर इंजिन जागच्या जागी खलास. आणि ते घाटात झालं असतं तर..."

बेगोने दाराशी उभ्या असलेल्या आईकडे पाहिले. तिने नवा रुमाल बांधला होता, पिशवी काखेत होती.

"आज सोमवार आहे काका," तो एवढेच म्हणाला.

"मला कळतो वार. व्हॅन जागची हलवायची नाही. ते घमेलं भर आणि माझ्या गाडीखाली सरकव. मी बॅटरी आणतो."

हिल्मोची मोटार तापून उठली. हातिजा पुढे बसली, बेगो मागे. हीटरचा पंखा घरघरत होता आणि काच हळूहळू आपले धुके सोडत होती. पठार संपून उतार लागला, तेव्हा हिल्मोने सहज विचारावे तसे विचारले, "तब्येत कशी आहे वहिनी?"

"उत्तम. अल्लाची कृपा."

बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, तो म्हणाला, "वहिनी, आता मी पाहुणा नाही. काल गोठा काढलाय तुमचा."

हातिजा हसली नाही. हातातल्या पिशवीचे बंद तिने बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"डॉक्टरकडे जायच्या आधी मी गालांना चिमटे काढायची भावजी," ती म्हणाली. "लाल दिसावेत म्हणून. तो म्हणायचा, आजी, तुम्ही तर ठणठणीत. दोन वर्षं म्हणत होता." तिचा आवाज इतका खाली उतरला होता की पंख्याच्या घरघरीत पुढचे शब्द विरून जात होते. "आणि पहाटे उठताना हल्ली..."

मागे बेगो पुढच्या आसनावर दोन्ही हात ठेवून वाकला.

हिल्मोने हात पुढे करून हीटरचा पंखा बंद केला. काचेवर पुन्हा धुके धरू लागले. तो गाडी सावकाश हाकत राहिला.

"हं," तो म्हणाला, "पहाटे उठताना काय होतं?"