झाकण नसलेली गाडी

आयगिल गेला तेव्हा डेन्मार्कमधल्या ग्रिन्स्टेड गावातल्या लोकांनी त्याच्या बायकोचं, टोव्हचं, फार कौतुक केलं. काय धीराची बाई, म्हणाले. शवपेटी कुठली, फुलं कुठली, दफनानंतरच्या कॉफीबरोबर काय द्यायचं, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. धीर कसला डोंबलाचा! तिला काही वाटतच नव्हतं, एवढंच. चर्चमधून परत आल्यावर तिनं भांडी घासली, काळ्या पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि झोपली. बागेतले बटाटे काढायला आले, काढून झाले, तरी तसंच.

आयगिल जन्मभर शाळेची बस चालवत आला. माणूस मितभाषी, पण हट्टी. मुलं मोठी होऊन निघून गेली आणि त्यांचे प्लॅस्टिकचे ठोकळे माळ्यावर राहिले, ते काढून त्यानं गाड्या करायला घेतल्या. खोक्यावरचं चित्र बघून नव्हे, स्वतःच्या डोक्यानं. ठोकळ्यांचा कारखाना इथून जवळच, ते या भागात कुणाच्या घरी नाहीत? पण आयगिलच्या गाड्या चालायच्या. आत मोटर, गिअर, सेलचा डबा, पुढची चाकं वळवायला आणखी एक छोटी मोटर, आणि हातात रिमोट. ठोकळा कापायचा नाही, चिकटवायचा नाही, हा अशा गाड्या करणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांचाच नियम. आयगिलनं वर स्वतःचा एक जोडला होता: सेल बदलायला झाकण ठेवायचं नाही.

"झाकण दिसलं की गाडीचं खेळणं होतं," म्हणायचा.

मग सेल संपले की अर्धी गाडी सोडवणं आलं. असा माणूस स्वयंपाकघरातलं टेबल संध्याकाळभर अडवून बसायचा आणि टोव्ह मांडीवर ताट घेऊन जेवायची.

शेवटची गाडी निळी, लांबट, मागे सामानाला भरपूर जागा असलेली, दोघांनी लग्नानंतर खरी घेतली होती तशी. फेब्रुवारीत ती पुरी झाली आणि त्याच आठवड्यात दारातला बर्फ काढताना आयगिल कोसळला. गाडी टीव्हीशेजारी उभी राहिली. टोव्ह तिच्यावरची धूळ कुंचल्यानं झटकायची, बोट लावायची नाही. एकेक ठोकळा त्यानं दाबून बसवला होता. तो दुसऱ्या कुणी उचकटू नये, एवढी एकच इच्छा तिला उरली होती.

सप्टेंबरात मंडळातला फ्रोडे आला. आयगिलचा जुना दोस्त, बोलायला तिखट.

"टोव्ह, कॉफी टाक. आणि मी सांगतोय ते ऐकून घे, ओरडू नकोस."

"मी कुठे ओरडते?"

"तेच तर. पूर्वी ओरडायचीस, तेव्हा बरी होतीस."

त्यानं रिमोट दाबला. गाडी वीतभर सरकली, कण्हली आणि थांबली.

"सेल मरायला टेकलेत. आत राहिले तर पाझरतील आणि सगळं खाऊन टाकतील."

"मग उभीच राहू दे."

"उभी राहिली तरी आतून सडणारच आहे, बाई. चालव नाहीतर नको चालवू."

टोव्हनं गाडी उचलून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "सोडवणार मी. तू हात लावायचा नाहीस. नुसतं सांगायचं."

टप निघाला, मागचं दार निघालं, खिडक्या निघाल्या. फ्रोडे एकेक थर काढला की फोटो काढून ठेवत होता. टोव्हची नखं दुखायला लागली. आत गेल्यावर निळं काही नव्हतंच. लाल, हिरवे, पिवळे, हाताला लागले ते ठोकळे.

"हे काय?"

"सगळेच करतो आम्ही. चांगला रंग बाहेर, उरलासुरला आत. आत कोण बघतंय?"

सेल निघाले. एकाला कडेनं पांढरं फुटलं होतं, पण डबा वाचला होता. तोवर फ्रोडेनं टेबलावरच्या ढिगातून काही पातळ पट्ट्या बाजूला सारल्या होत्या.

"या टाकून देऊ. माझ्याकडे नव्या आहेत."

"काय झालंय यांना?"

"चावल्यात. दोन पातळ पट्ट्या एकमेकींवर बसल्या की सुटत नाहीत. त्याला अवजार मिळतं, पण हा दात लावायचा. आम्ही उंदीर म्हणायचो त्याला."

"माझ्यासमोर तर अवजारच वापरायचा."

"तुझ्यासमोर! तुला घाबरायचा तो. 'टोव्हला सांगू नका,' दर वेळी म्हणायचा."

टोव्हनं एक पिवळी पट्टी उचलून उजेडात धरली. कडेवर दोन खोल खाचा होत्या.

"याच परत आत जातील," ती म्हणाली.

"कुणाला दिसणार नाहीत त्या."

"माहितीये मला."

मग तिनं ती पट्टी तोंडात धरली. फ्रोडे काही बोलायच्या आत तिनं दात टेकवून पाहिले. एक दात खाचेत बसला, दुसरा बसेना. पट्टी फिरवून पुन्हा पाहिलं. खाचांमधलं अंतर तिच्या दातांना जास्त होतं.

पट्टी काढून ती म्हणाली, "त्याच्या पुढच्या दातांत फट होती."

"होती की. शीळ घालायचा त्यातून."

"मी विसरले होते, फ्रोडे. सात महिन्यांत विसरलेसुद्धा."

आणि तेव्हा दुखलं. इतके दिवस न दुखलेलं, बरगडीखाली, बोट ठेवून जागा दाखवता येईल असं दुखलं.