खिडकीतला पेला

खिल्लारे सर पाणी प्यायले की पेला स्वतः विसळायचे आणि होता तिथेच पालथा घालायचे. त्यांचा पेला वेगळा असायचा, खिडकीत. तो वेगळा का, हे कुणी बोलत नसे. मी दवाखान्यात झाडलोट करायची, माठ भरायची. एकदा मी तो इतरांच्या पेल्यांत मांडला. दुसऱ्या दिवशी कारकुनाने उचलून परत खिडकीत नेला. सरांनी ते पाहिलं, पाणी प्यायले, पेला विसळून खिडकीतच ठेवला. मला म्हणाले, "अक्का, घेतलेली वस्तू जागंवर जाया पाहिजे. जागा कुनी ठरविली, ते मागून बघू."

मी कुणाशी फारशी बोलत नसे. सर मात्र माझ्याशी बोलायचे, मी उत्तर दिलं नाही तरी.

दवाखान्याच्या नोंदी सर सांभाळायचे, त्यासाठी त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता. जिल्ह्यात कुठेही बेवारस माणूस दवाखान्यात आला किंवा दगावला असेल, तर त्याची जुनी नोंद ते त्यात भरत. वय सांगा, अंगावरची खूण सांगा, मशीन शोधून द्यायचं. त्यातला प्रोग्राम परदेशातल्या कॉलेजातल्या लोकांनी लिहून फुकट वाटला होता. आतलं लिखाणही उघडं ठेवलेलं. ज्याला चूक दिसेल त्याने ती सुधारावी आणि सगळ्यांना कळवावी, असा त्यांचा रिवाज. सरांना याचं फार कौतुक होतं. "त्यांच्या विहिरीवर कुनाला मनाई न्हाई," म्हणायचे.

पण मशीन सकाळी पळायचं आणि दुपारी अडायचं. मग मोठ्या डॉक्टरसाहेबांना विचारून बंद करायचं, परत चालू करायचं, यात बराच वेळ जाई. सुभद्रामावशी नेमकी त्याच वेळी यायची. पाथरीकडच्या खेड्यातून एसटीने येईतो दुपार होई, आणि मशीन चालू होईतो तिची परतीची गाडी निघायची. नामांतराच्या दंगलीत त्यांची वस्ती पेटली, तेव्हा तिचा गौतम अंधारात पळाला तो परतलाच नाही. त्याच्या दंडावर आईचं नाव गोंदलेलं होतं. खूण सांगून जा, सकाळी बघून ठेवतो, असं सर म्हणाले तरी ती ऐकेना; तिला समोर बसूनच बघायचं होतं. कारकून तिला हसून म्हणाला, "इथं न्हाई सापडला तर बरंच की, म्हातारे. जिता असंल."

"जिता असता तर आला असता," ती म्हणाली. "मेलेला तरी गवसू द्या."

सर त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढे कित्येक आठवडे ते प्रोग्रामचं लिखाण वाचत बसले. अखेर एका सकाळी मला माठापाशी गाठून चूक समजावून सांगितली. मशीनला काही विचारलं की ते आपल्या डोक्यात थोडी जागा घेतं, जसा आपण पेला घेतो. उत्तर सापडलं की जागा सोडतं. पण सापडलं नाही, तर तसंच माघारी फिरतं आणि जागा सोडायची विसरतं. "म्हंजे ज्याला पानी मिळालं त्यानं पेला ठिवला. ज्याला न्हाई मिळालं, त्यो पेला घिऊनच गेला. दुपारपस्तोर माठाजवळ एक बी पेला न्हाई." आमच्याकडे येणाऱ्यांत न सापडलेलेच जास्त असायचे.

एका ओळीची दुरुस्ती होती म्हणे. त्यांनी ती केली आणि टपालाने त्या लोकांनाही कळवली. त्या दिवशी मशीन दुपारी अडलं नाही.

मावशी आली. सरांनी तिला खुर्ची दिली, वय घातलं, खूण घातली. मी दारात केरसुणी धरून उभी होते. उत्तर लगेच आलं. सर ते वाचून म्हणाले, "न्हाई, मावशी. समद्या नोंदी बघून झाल्या. ह्यात न्हाई."

मावशीने पदर नीट केला. "बरं," म्हणाली. बाहेर जाऊन पायरीवर बसली, ती पाथरीची गाडी गेली तरी उठली नाही. सरांनीच तिला धरून स्टँडवर नेलं.

काही दिवसांनी ती पुन्हा आली, काहीच झालं नसल्यासारखी. मशीन चालू होतं, मला दिसत होतं. सरांनी उठून पडद्यावर फडकं टाकलं आणि म्हणाले, "आज बंद हाय, मावशी. पुढच्या खेपंला बघू." तिचा चेहरा उजळला. ती पाणी पिऊन गेली. सर माझ्याकडे न बघता बोलले, "मशीनची जागा मोकळी केली, अक्का. हिची कशाला करू?"

त्यानंतर ती येई आणि मशीन बंद असे.

उन्हाळ्यात सरांना कावीळ झाली. चार दिवस बरं वाटलं, मग गेले. त्यांच्या जागी नवा माणूस आला. चलाख होता, विचारलं की तोंडावर सांगून मोकळा होई.

सुभद्रामावशी फाटकातून येताना दिसली, तशी मी केरसुणी टाकून तिच्या आडवी गेले. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"आज मशीन बंद हाय, मावशी."

"आन् सर?"

"सर रजंवर हायत."

तिने मान हलवली. खिडकीतला पेला घेऊन ती पाणी प्यायली, तो विसळला आणि होता तिथेच पालथा घातला.