खरखर विमानात की कानात

विमानतळावर तिला सगळे खरखरताई म्हणत. आईनंतर तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. छोट्या विमानांचे रेडिओ सांभाळणं हे तिचं काम, आणि त्यांत शिरणारी नको ती कुरकुर हुडकून काढण्यात तिचा हातखंडा. घरी जेवतानासुद्धा ती मध्येच घास थांबवून म्हणायची, "फ्रिज बरा नाहीये." सगळे हसायचे आणि आठवडाभरात फ्रिज मान टाकायचा.

त्या वर्षी मात्र तिच्या डाव्या कानात एक बारीक कुंईं सुरू झाली. आधी तिला वाटलं शेजारचा टीव्ही असेल. मग दिवा असेल. मग एकदा वीज गेली, सगळी इमारत गप्प झाली आणि कुंईं तशीच राहिली. कान हीच तिची रोजीरोटी. तिने कुणाला म्हणता कुणाला सांगितलं नाही.

आणि नेमकी त्याच सुमारास वहिनीच्या विमानाची तक्रार आली.

वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. चार जणांचं, एका इंजिनाचं विमान चालवायची. रस्ता पोचत नाही अशा दवाखान्यांना औषधं आणि डॉक्टर पोचवायची. भाऊ शिवणाच्या दुकानात मशीनवर बसून दिवसभर फोनकडे डोळे लावायचा. "तुझ्या भरवशावर सोडतो हं हिला," असं बहिणीला म्हणायचा. थट्टेत म्हणायचा, पण ते तिच्या उरावर बसायचं.

"नणंदबाई, हेडफोनमध्ये मच्छरांचं लग्न लागलंय," वहिनी म्हणाली. "इंजिन वाढवलं की कुंईं वाढते."

खरखरताईने हेडफोन चढवले आणि इंजिन चालू ठेवून बॅटरी चार्ज करणाऱ्या आल्टरनेटरचं बटण बंद केलं. आवाज चटकन खाली आला. म्हणजे चोर तिथेच. मग इंजिन बंद करून तिने इंजिनापासून विमानाच्या सांगाड्याला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवली, खालचा गंज खरवडून धातू लख्ख केला, फिल्टर आल्टरनेटरच्या अगदी जवळ बसवला आणि रेडिओची वायर जाड वायरींच्या गर्दीतून काढून लांबून फिरवली.

दोघींनी हेडफोन घालून इंजिन पुन्हा चालू केलं. "गेली का गं कुंईं?" तिने विचारलं.

"गेली. एकदम चिडीचूप," म्हणत वहिनीने हेडफोन उतरवले.

तिच्या डाव्या कानात मात्र अजून वाजतच होतं. आणि त्यामागे अधूनमधून टक, टक असं काहीतरी. तिने क्षणभर ओठ उघडले, मग मिटले. कान माझाच खराब, विमानाला कशाला दोष द्या, असं म्हणून तिने हत्यारं आवरली.

दुसऱ्या दिवशी वहिनी उतरली ती पांढरीफटक पडूनच. इंजिन बंद करून बराच वेळ ती बाहेरच आली नाही. खरखरताई धावत गेली.

"टॉवर म्हणे मला सांगत होता, उतरू नकोस, धावपट्टीवर गवत कापायचा ट्रॅक्टर आहे," वहिनी म्हणाली. "मला नुसती टकटक ऐकू आली. भाजी फोडणीला टाकल्यासारखी. ट्रॅक्टर दिसला तेव्हा चाकं टेकायलाच आली होती. कसंबसं वर खेचलं. ह्यांना सांगू नकोस हं."

टकटक वहिनीलाही ऐकू आली होती! पण तीच का, जी आपण ऐकून गिळली? की आपली वेगळी आणि हिची वेगळी? स्वतःच्या कानावरचा विश्वास एकदा उडाला की माणसाला कशाचाच थांग लागत नाही.

दवाखान्यात इंजेक्शनांची वाट बघत होते. वहिनी त्यांना फोन करायला बाजूला गेली. खरखरताई विमानात बसली. बाहेर इंजिनाचे उस्ताद, तिच्या वडिलांच्या वयाचे, चाकांना ठोकळे लावून लांब उभे राहिले. तिने इंजिन चालू केलं, हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.

टक, टक, टक. इंजिनाच्या चालीवर.

हे ठिणगीचं काम. अशा इंजिनात ठिणगी पाडणारी दोन यंत्रं असतात, त्यांना मॅग्नेटो म्हणतात. किल्ली फिरवली की एक गप्प बसतं आणि दुसरं एकटं चालतं. ज्याला गप्प केल्यावर टकटक थांबेल, तोच चोर. तिने किल्ली डाव्यावर नेली. टकटक तशीच. उजव्यावर नेली. तशीच. कुठेही फिरवा, थांबायचं नावच नाही.

म्हणजे विमानात नाही. माझ्या डोक्यात आहे. तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. तिने पेट्रोल तोडून इंजिन बंद केलं, किल्ली काढून काचेपाशी ठेवली आणि हेडफोन उतरवून तशीच बसून राहिली.

उस्तादांनी काचेतून किल्ली पाहिली आणि प्लगच्या वायरी बघायला पुढे आले. पंख्याचं पातं आड येत होतं.

खरखरताईला आता फक्त कुंईं ऐकू येत होती. नेहमीची, बारीक, न थांबणारी. टकटक नव्हती.

इंजिन थांबलं तशी टकटक थांबली! तिचा कान कुंईं करायचा, टकटक त्याने कधीच केली नव्हती. मग ती विमानाचीच. आणि विमानाची असूनही किल्लीला दाद देत नाही, म्हणजे किल्लीपासून एका मॅग्नेटोकडे जाणारी, त्याला गप्प करणारी वायरच तुटली असणार. म्हणजे किल्ली काढली तरी तो मॅग्नेटो जागाच. पंखा हाताने जरा फिरवला तरी ठिणगी पडेल, आणि गरम इंजिनात पेट्रोलाची वाफ...

तिने मान वर केली. उस्तादांचे दोन्ही हात पात्यावर होते.

"उस्ताद! हात काढा! मागे व्हा, मागे!"

ती इतक्या जोरात किंचाळली की धावपट्टीपलीकडच्या माणसांनीही वळून पाहिलं. उस्ताद दचकून मागे सरले आणि ठोकळ्याला अडखळून खाली बसले.

"अगं, किल्ली तर काढलीस ना?"

"काढली. पण एक मॅग्नेटो बंद होत नाहीये."

इंजिन निवल्यावर उस्तादांनी पंख्याला वळसा घालून मागच्या बाजूने टॉर्च मारला. डाव्या मॅग्नेटोची वायर टोकाशी तुटून लोंबत होती. वरची धातूची जाळी, जी ठिणगीचा आवाज आत दाबून ठेवते, तीही फाटलेली. उस्ताद स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"मी तेव्हा डोळे उघडे ठेवले असते, तर किल्ली उजव्यावर नेली तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा हललाच नाही हे दिसलं असतं. एक मॅग्नेटो गप्प झाला की तो जरा खाली यायला हवा," खरखरताई म्हणाली. मग तिथेच, ग्रीसने बरबटलेल्या हातांनी, तिने वहिनीला सगळं सांगून टाकलं. कुंईं, कालची टकटक, मिटलेले ओठ.

"काल बोलली असतीस तर?" वहिनी म्हणाली. तेवढंच. ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

इंजेक्शनं त्या दिवशी दुसऱ्या विमानाने गेली. खरखरताईने जाळीची नवी वायर ओढली, जाळीचं टोक मॅग्नेटोच्या अंगाशी घट्ट आवळलं, आणि उस्तादांनी ते पुन्हा तपासलं. किल्ली फिरवली की काटा हलतो का, हे तिघांनी मिळून बघितलं.

कानाच्या डॉक्टरांकडे वहिनीच घेऊन गेली. डाव्या कानाचं ऐकणं थोडं गेलंय, ते परत येणार नाही, उजवा ठीक आहे, असं ते म्हणाले. तेव्हापासून तिने एक शिस्त लावून घेतली: आपल्याबरोबर दुसरं कुणीतरी हेडफोन घालेल तेव्हाच विमान सोडायचं. कुणी हसलं तर हसू द्यायचं.

नव्या वायरीनंतर वहिनी पहिल्यांदा उडाली, तेव्हा खरखरताई खाली उभी राहून रेडिओ उजव्या कानाला लावून होती.

"आवाज कसा येतोय, नणंदबाई?"

स्वच्छ येत होता. शब्द न् शब्द कळत होता.

"ठीक येतोय," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "पुन्हा एकदा बोल बघू."