बायकोचं आमेन

कसालच्या बाजारात तोंडवलीची एक मासेवाली बसते. आम्ही या भागात नवीन होतो तेव्हा बायकोबरोबर तिच्याकडे बांगडे घ्यायला गेलो होतो. मी देवाधर्माचं काम करणारा ख्रिस्ती माणूस आहे, हे तिला आधीच कुणीतरी सांगितलेलं. "फादर, ही कोण?" तिनं विचारलं. माझी बायको, मी म्हणालो. तिचा हात बांगड्यावरच थांबला. मालवणचे ख्रिस्ती आणि त्यांचे फादर तिला लहानपणापासून माहीत, आणि फादरना बायको नसते हेही माहीत. आमचा पंथ वेगळा, आमच्यात लग्न करतात, मी फादर नव्हे तर साधा सुवार्तिक, हे सगळं माशांच्या पाटीपुढे उभं राहून समजावणं मला काही जमेना. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून बायकोला म्हणाली, "आसांदे गो. मी कोणाक सांगूचंय नाय." वर एक बांगडा जास्त टाकला. बायको रिक्षात बसेपर्यंत हसत होती.

आम्ही दोघंही मूळचे घाटावरचे. संस्थेनं इकडे पाठवलं, आलो. बाजारापासून थोडं आत, काजूच्या बागेला लागून असलेल्या घराचा मागचा भाग भाड्यानं मिळाला. रविवारी आमच्याच पुढच्या खोलीत उपासना होते. येणारी माणसं मोजकी, बहुतेक बदलीवर आलेली: एक परिचारिका, एक बँकेतलं कुटुंब, रेल्वेत काम करणारा एक जण. इतर दिवशी मी आजाऱ्यांना भेटतो, कुणी बोलावलं तर जाऊन प्रार्थना करतो. न बोलावता जायचं नाही, हा माझा नियम. सुरुवातीला गावातले काही जण "हे बाटवायला आलेत का" म्हणून चौकशी करायला आले होते. चहा पिऊन गेले. मला त्याचा रागही आला नव्हता आणि फार वाईटही वाटलं नव्हतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं.

पुढच्या भागात घरमालकीण काकी राहतात, आणि त्यांचा मुलगा. भात आणि काजू हा त्यांचा संसार. बायको असलेल्या माणसाला फादर म्हणणं काकींना पटेना, म्हणून त्यांनी मला मास्तर करून टाकलं. बायकोला त्या "बाय" म्हणतात. चतुर्थीला गणपतीला नैवेद्य दाखवण्याआधीच त्या आमच्यासाठी मोदक वेगळे काढून ठेवतात आणि आणून देताना दारातूनच सांगतात, "देवाक दाखवूच्या आदी काढललंय हां, मास्तर." देवापुढचं आम्ही खात नाही, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी ते कुठून तरी काढलं आणि त्यावर आपला तोडगाही काढला. मोदक मात्र फार चांगले असतात.

गेल्या वर्षी बायकोच्या छातीत गाठ लागली. जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी गोव्याला पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गाठ काढावी लागेल आणि काढल्यावरच कळेल ती कसली आहे. बोलण्याच्या पद्धतीवरून त्यांचा अंदाज काय आहे ते आम्हांला कळलं. परत येताना बायको खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं भात लावला.

आमच्या घरात संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना असते. लग्न झालं तेव्हापासून आहे. आधी एक गीत, तिचा आवाज माझ्यापेक्षा बरा म्हणून ते ती सुरू करते, मग मी प्रार्थना करतो आणि शेवटी दोघं आमेन म्हणतो. गोव्याहून आलो त्या संध्याकाळी तिनं गीत सुरू केलं नाही. मी सुरू केलं, ती गायली नाही. मी प्रार्थना केली. माझं आमेन एकट्याचंच झालं. डोळे उघडले तर ती हात मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी आमेन म्हणून थांबलो, जरा जास्तच थांबलो. ती उठली आणि दूध तापवायला गेली.

ती घाबरली आहे, असं मी धरून चाललो. तसं मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "घाबरले तर आहेच." मला भीती तर वाटत होतीच, रागही येत होता. लोकांच्या घरी जाऊन मी धीर देतो, माझ्या शब्दांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांचे डोळे पाणावतात, आणि माझ्याच घरात माझ्या प्रार्थनेला कुणी आमेन म्हणेना. मुलगी घाटावर शिकायला आहे, तिला फोनवर मी सांगितलं की आई बरी आहे, प्रार्थनेत आहे. प्रार्थनेत मी होतो. ती फक्त माझ्या शेजारी बसत होती.

ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या संध्याकाळी काकी आणि त्यांचा मुलगा आले. मुलगाच आम्हांला सकाळी गाडीनं गोव्याला सोडणार होता. आम्ही प्रार्थनेलाच बसत होतो. मी म्हटलं, बसा, आमचं आटोपतंच. काकी म्हणाल्या, "आटपूक नको. तुमी गाऱ्हाणा घाला. आमच्या देवाक मी सकाळीच घातलंय. आता तुमच्या देवाक तुमी घाला. आमी बसतंव."

इकडे गाऱ्हाणं घालायची एक रीत आहे. देवळात असो, शेताच्या बांधावर असो, एक जण उभा राहून देवाला काय हवं ते मोठ्यानं सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी ते लांबून ऐकलं होतं. आमच्या प्रार्थनेत मधे कुणी बोलत नाही. पण काकींना ते सांगायच्या आधीच त्या डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून बसल्यासुद्धा.

मी डोळे मिटले. म्हणालो, हे स्वर्गीय बापा, तू आम्हांला आजवर सांभाळलंस.

"व्हय म्हाराजा," काकी आणि त्यांचा मुलगा एका सुरात म्हणाले.

मी दचकलो. पुढचं वाक्य हरवलं. रविवारी असं झालं असतं तर मी हसलो असतो, किंवा नंतर कुणाला समजावून सांगितलं असतं. तेव्हा दोन्ही सुचलं नाही. म्हणालो, उद्याचा प्रवास सुखाचा कर. "व्हय म्हाराजा." डॉक्टरांच्या हातांना यश दे. "व्हय म्हाराजा." मला जाणवलं की माझी वाक्यं लहान होत चालली आहेत. समोरून होकार येणार असला की माणूस वाक्य लांबवत नाही. मुलीचं नाव घेतलं, तिला धीर दे म्हणालो. "व्हय म्हाराजा." माझा आवाज स्थिर होता. मग प्रार्थनेच्या नेहमीच्या शेवटाशी आलो आणि रोजच्यासारखंच म्हणालो, तरी प्रभू, आम्ही हट्ट करत नाही, शेवटी तुझी इच्छा असेल तसंच होवो.

कुणी काही बोललं नाही.

मी डोळे उघडले. काकींचे हात जोडलेलेच होते, पण त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा मुलगा त्यांच्याकडे बघत होता.

"ह्याक मी व्हय म्हणूचंय नाय," काकी म्हणाल्या.

मी म्हणालो, "काकी, आमच्यात असंच म्हणतात. देवावर सोपवायचं."

"सोपवा मगे. पण आदी मागा तरी! तुमची मर्जी म्हटल्यावर तो कित्याक काय करतलो? बायल तुमची, मागणा तुमचा. तिका बरी कर म्हणान सरळ सांगा."

त्या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. आज्ञापालनावर, शरण जाण्यावर मी पुष्कळ वेळा बोललो आहे, झोपेतही बोलू शकेन. बायकोकडे बघितलं आणि ते उत्तर तोंडात आलं नाही. ती आठवडाभरात पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती. काय म्हणतोय हा, याची वाट बघत होती.

मी डोळे मिटले नाहीत. म्हणालो, "तिला बरी कर." मग म्हणालो, "मला ती हवी आहे. तिला माझ्याकडून नेऊ नकोस." आवाज गेला. मी रडत होतो, आणि शेजाऱ्यांसमोर रडतोय याचं मला काही वाटलं नाही.

"व्हय म्हाराजा," बायको म्हणाली. घाटावरचे हेल तसेच होते. तिच्यामागून काकी म्हणाल्या, मग त्यांचा मुलगा. आमेन म्हणायचं त्या संध्याकाळी राहूनच गेलं.

ऑपरेशन झालं. गाठ साधी नव्हती, पण फार पसरलेली नव्हती. मग इंजेक्शनं सुरू झाली, ती कित्येक महिने चालली. केस गेले, जेवण जाईना, काकी पेज आणून देत राहिल्या. मासेवाली बाजारात मला एकट्यालाच बघून विचारायची, "बायल खंय?" आणि मी सांगितलं की मोठ्यानं म्हणायची, "फादरच्या बायलेक बरा वाटांदे." सगळ्या बाजाराला कळलं. आता तपासणीला जातो, डॉक्टर ठीक म्हणतात. बरी झाली असं ते म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही. केस आले आहेत, थोडे कुरळे.

परवा संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या पडवीत बसलो होतो. ती तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं, तेव्हा तू आठवडाभर आमेन का म्हणत नव्हतीस. इतके दिवस विचारलं नव्हतं.

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही रोज डोळे मिटून त्याला सांगत होतात, तुला न्यायची असेल तर ने. त्याला मी कसं आमेन म्हणू?"

मी म्हणालो, "मला तसं म्हणायचं नव्हतं. देवाला ते कळत होतं."

"त्याला कळत असेल," ती म्हणाली. "शेजारी मी बसले होते."