मामांचा गट नंबर

जगात कुंपण नावाची वस्तू आहे, यावर आमच्या मामासासऱ्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. मामासासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. जाफराबादेकडच्या आपल्याच गावात त्यांनी मास्तरकी केली आणि निवृत्त झाल्यावर जुन्या जालन्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहायला आले. एकदा जुनी पायवाट धरली, की पुढे काटे येवोत, तार येवो, कुत्रं येवो नाहीतर त्या कुत्र्याचा मालक, मामा सरळ चालत राहायचे. माझं लग्न झालं त्या वर्षी नव्या जावयाला शिवार दाखवायला म्हणून ते मला गावी घेऊन गेले. गावाबाहेरच्या गाडीवाटेवर कुणीतरी नवं घर बांधलं होतं. मामा पुढच्या दारानं आत शिरले, भाकरी थापत बसलेल्या बाईंना म्हणाले, "बसा ताई, उठू नका, आम्ही रस्त्यानं चाललोत," आणि मागच्या दारानं बाहेर पडले. मी चपला हातात घेऊन त्यांच्या मागे. बाई थापलेली भाकरी तव्यावर टाकायला विसरल्या. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी चहा ठेवला होता, असं मामा अभिमानानं सांगत.

लग्नात, बारशात, तेराव्याला, कुठंही मामांचा विषय एकच: बुजलेल्या वाटा. पाणंद कुणी नांगरली, शिवरस्त्यावर कुणी ऊस लावला, पाणवठ्याची वाट कुणी तारेत घेतली. "वाट कुणाच्या बापाची नसते, जावईबापू. वाट चालणाऱ्याची असते." लोक पंगतीत त्यांच्या शेजारची जागा टाळायला लागले, तेव्हा त्यांनी मला दुसरा धक्का दिला. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाच्या दुकानावर नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. टीव्हीचा रिमोट उलटा धरणारे मामा एके दिवशी तिथं बसलेले दिसले. वाटांवर चर्चा करायला त्यांनी इंटरनेटवर चक्क एक गट काढला होता, आणि त्याचा पहिला सभासद म्हणून मला न विचारता मला घालून टाकलं होतं.

एका बोटानं, इंग्रजी अक्षरांतून मराठी, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत ते लिहायचे. 'गट' म्हटल्यावर लोकांना जमिनीचाच गट आठवायचा. "आपला गट नंबर काय?" असं एकानं अगदी नम्रपणे विचारलं, तर मामांनी खुशाल शेताचा नंबर कळवून टाकला. तरी बघता बघता माणसं जमली. कोकणातला एकजण समुद्राकडे जाणाऱ्या वाटेसाठी भांडायचा, पुण्यातला एकजण टेकडीसाठी. मामा सगळ्यांना एकच उत्तर देत: "विचारू नका, चाला." बायको म्हणायची, मामांना कुणीतरी मारणार एक दिवस.

मार बसला, पण वेगळाच. एका रविवारी मी कॅफेत गेलो तर मामा चष्मा पुसून पुसून पडद्यावरचा एकच मजकूर पुन्हा वाचत होते. मी वाकून वाचलं. औरंगाबादेत प्राध्यापक असलेल्या सुनीता नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. 'सर, सगळ्यांच्या वाटा झाल्या, आता तुमच्या शेतातल्या वाटेचं बोलू. आमच्या बौद्धवाड्यातून शाळेकडे जाणारी पायवाट तुमच्या मोसंबीच्या बागेत गेली. मी सातवीपर्यंत नाल्यातून शाळेत आले, पावसाळ्यात दप्तर डोक्यावर घेऊन. उशीर झाला म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं करत होता. का उशीर झाला, ते कधी विचारलं नाही.'

मी हळूच म्हणालो, "मामा, गट तुमचा आहे. हे काढून टाकता येतं."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पाऊलभर मागे सरलो. "वाट बुजवा म्हणून राह्यलात का, जावईबापू?"

मग म्हणाले, "बाग धाकट्यानं लावली. वाट होती, मला ठाऊक होतं. पोरी कुठून येऊन राह्यल्या, ते डोक्यातच आलं न्हाई. मोसंबी मात्र दरसाल खाल्ली." आणि एका बोटानं त्यांनी उत्तर लिहिलं: 'बराबर आहे. उघडतो.'

दुसऱ्याच दिवशी आम्ही एस.टी.नं गावी गेलो. धाकट्या भावाला आधी चेष्टाच वाटली. "दादा, तलाठ्यानं सांगितलं न्हाई, तहसीलदारानं सांगितलं न्हाई, कम्प्युटरवर एका पोरीनं लिहिलं म्हणून अजून फळ देणारी झाडं तोडू?"

"तोड."

"लेकरासारखी वाढवली मी ती."

"तिकडूनबी लेकरंच येत होती," मामा म्हणाले.

भाऊ उठून गोठ्यात गेला. संध्याकाळी मामांनीच तोड काढली: वाटेची पट्टी आपल्या हिश्श्यात धरायची आणि त्या बदल्यात विहिरीकडचा आपला काळाभोर तुकडा भावानं घ्यायचा. मी हबकलो. भाऊही हबकला असावा, पण त्यानं मान हलवली. झाडांवर कुऱ्हाड चालली तेव्हा तो पाठ करून उभा होता, आणि पुढं कित्येक दिवस तो मामांशी बोलला नाही. मामांनी त्याला दोष दिला नाही. "झाडं त्याची गेली," एवढंच म्हणायचे.

मामांनी कळवल्यावर सुनीताबाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. मामा बांधाच्या कडेला टोपी हातात धरून उभे होते. सुनीताबाई वाटेच्या तोंडाशी थांबल्या आणि, का कोण जाणे, शाळेतल्यासारखं म्हणाल्या, "सर, आत येऊ का?"

"रस्त्याला विचारायचं नसतं, बाई," मामा म्हणाले.

म्हातारी मात्र थांबलीच नव्हती. पदर सावरत ती केव्हाच पुढे निघाली होती.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो गटही कधीतरी इंटरनेटवरून नाहीसा झाला, त्यातली भांडणं, कोकण, टेकडी सगळ्यासकट. मध्यंतरी गावी गेलो तर त्या वाटेनं पोरं शाळेतून येत होती, एकमेकांना ढकलत, खिदळत. मी एकीला विचारलं, "ही वाट कुणी काढली, माहीत आहे का?" तिनं माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "काढली कशाला? आधीपासूनच हाय," म्हणाली आणि पळाली. मामांना हे उत्तर फार आवडलं असतं. पण त्यात नाल्यातून शाळेत जाणारी पोर कुठंच नव्हती; मला आवडलं की नाही, ते अजून ठरत नाही.